मदत हवी आहे : पोराला पहिला घोट घरीच द्यावा का?

नमस्कार मंडळी. नागपुरात प्रतापनगरात राहतो. पोरगा नुकताच बारावी झाला, अठराला टेकलाय. परवा मित्रांसोबत सावजी खाऊन आला, तर शर्टाला बिअरचा वास. विचारलं तर म्हणे, "बाबा, बाजूवाल्यानं सांडवली." बरं बाबा!

त्याचा मामा म्हणतो, चोरून पिण्यापेक्षा तुमच्यासमोर अर्धा ग्लास द्या, कुतूहल संपते. बायको म्हणते, घरून मिळाली की त्याला ती परवानगीच वाटेल. मला तिचंच पटते. शिवाय आपल्या राज्यात कायद्यानं बिअर-वाइनला २१ अन् बाकी दारूला २५ वर्षं लागतात. (आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, तिथं दारूबंदीच. तरी कुठं काय मिळते ते शेंबडं पोरगंही सांगेल.)

अडचण वेगळीच आहे. शनिवारी मी स्वतः एखादा पेग घेतो, फ्रीजमधून बर्फ तोच काढून देतो. आता कोणत्या तोंडानं नाही म्हणू?

पुढच्या महिन्यात तो पुण्याला होस्टेलवर जातोय. ज्यांची पोरं या वयातून गेली, त्यांनी सांगा : नेमकं काय बोललात? पिऊन गाडी चालवण्याबद्दल कसं बजावलं? अन् स्वतःची बंद केली का? "संस्कार द्या" एवढंच कृपया लिहू नका.