मदत हवी आहे : जून १९८३चा शेवटचा आठवडा, पुण्यातली वर्तमानपत्रं

मंडळी, बाबांच्या पंचाहत्तरीला २२ ते २७ जून १९८३ या आठवड्याचं चिकटबुक करून द्यायचंय. बुधवारी क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात संदीप पाटीलच्या नाबाद ५१ धावा, शनिवारी लॉर्ड्सवर अंतिम सामन्यात भारतानं फक्त १८३ करूनही वेस्ट इंडिजला १४०त गुंडाळलं, हे नेटवर ढिगानं मिळतं. मला हवंय ते पुण्यातलं.

सामना संपला तेव्हा आपल्याकडे रात्र झालेली. मग रविवारच्या ‘सकाळ’, ‘केसरी’त निकाल आला होता, की थेट सोमवारी? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आतल्या पानावरच्या सिनेमाच्या जाहिराती. अलका, विजय, नीलायम, प्रभातला तेव्हा काय लागलं होतं? बाबा आणि काका यावरून अजून भांडतात. दोघांचंही खरं नसावं असा माझा संशय!

नगर वाचन मंदिरात किंवा केसरीवाड्यात जुने अंक चाळू देतात का? मोबाईलवर फोटो काढलेले चालतात का? कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला अंक सापडला तरी चालेल, पिवळा पडलेला, कडा झडलेला असला तरी. अंक नको, नुसता स्कॅन द्या. पेठांत कुठेही येऊन स्कॅन करून नेईन. दुपारी एक ते चार सोडून, अर्थात.