टाइप १ मधुमेह आणि लांब पल्ल्याची सायकल शर्यत

प्रश्न: टीम नोवो नॉर्डिस्क या व्यावसायिक सायकलपथकातील सर्वच स्वारांना टाइप १ मधुमेह (यात शरीर साखर नियंत्रित करणारे इन्सुलिन जवळपास बनवत नाही, ते बाहेरून घ्यावे लागते) असूनही हे पथक जवळपास ३०० किलोमीटरच्या मिलान–सान रेमो शर्यतीत उतरलेले आहे. इतका वेळ रक्तातील साखर आटोक्यात कशी ठेवली जाते?

प्रतिसाद १: व्यायामात स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढून घेतात; त्यामुळे शर्यतीआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने इन्सुलिनची मात्रा कमी करून, वाटेत ठरावीक अंतराने कर्बोदके घेत, अंगावर लावलेल्या, साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरवरील आकडा आणि त्याहूनही अधिक त्याचा कल (तो चढतोय की उतरतोय) पाहत राहावे लागते. गंमत अशी, की अखेरच्या जोरकस टप्प्यात ॲड्रेनलिन या ताणाच्या वेळी स्रवणाऱ्या संप्रेरकामुळे साखर उलट वाढू शकते.

प्रतिसाद २: खरी जोखीम मला रात्रीची वाटते, कारण थकलेले स्नायू शर्यतीनंतरही तासन्‌तास साखर शोषत राहतात आणि ती झोपेत घसरू शकते.

प्रतिसाद ३: इन्सुलिन खेळाडूंसाठी प्रतिबंधित द्रव्यांच्या यादीत असल्याने वैद्यकीय सूटही घ्यावी लागते.