मदत हवी आहे: घाटात गाडी तापते, रेडिएटर की वॉटर पंप?

2014 ची पेट्रोल हॅचबॅक, 92,000 किमी. सपाटीला तापमानाचा काटा मध्यावर असतो. पुण्याकडून खंबाटकी चढताना एसी चालू असला की पाचेक मिनिटांत लाल खुणेजवळ जातो. एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला की उतरतो.

थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) आणि रेडिएटरचं (कूलंट थंड करणारी जाळी) झाकण नवीन टाकलंय, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) पाण्यात 50:50 मिसळून भरलंय आणि हवा काढलीय. पंखा दोन्ही स्पीडवर फिरतो. कूलंट कमी होत नाही, ऑइल दुधाळ नाही, त्यामुळे हेड गॅस्केटचा (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांमधलं सील) संशय कमी. तापल्यावर रेडिएटरच्या वरच्या होजला (रबरी नळीला) हात लावता येत नाही, खालचा मात्र कोमटच.

मेकॅनिक थेट रेडिएटर बदला म्हणतोय. पण वॉटर पंपाची (कूलंट फिरवणारा पंप) पाती झिजली तरी हेच लक्षण दिसेल ना? काहीही न उतरवता दोन्हीपैकी नेमकं काय बिघडलंय, हे कसं तपासायचं?