उपवासकाळात रोज एक संत कशाला?

केळबागेतला

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घरी आलो, तर मोबाईलवर आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) गटाचा निरोप येऊन पडलेला: 'चाळीस दिवस, चाळीस संत'. रोज पहाटे पाचला सात मिनिटांचं मनन, मागे सिंथेसायझर. अकराव्या दिवशी मी गटातून बाहेर पडलो. आईने विचारलं, "काय रे, भांडलास कुणाशी?" भांडलो नाही. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

उपवासकाळ संतांचा नाही. हे माझ्या मनचं नाही, चर्चच्या पंचांगातच तसं आहे. १९६९ साली रोमन पंचांग नव्याने लावलं, तेव्हा मार्च महिन्यातून मोठमोठ्या संतांची उचलबांगडी झाली. थॉमस अक्वायनस ७ मार्चला होते, ते २८ जानेवारीला गेले. ग्रेगरी द ग्रेट १२ मार्चवरून ३ सप्टेंबरला, बेनेडिक्ट २१ मार्चवरून ११ जुलैला. उपवासकाळातल्या वाचनांवर कुणाच्या सणाची सावली पडू नये, हा हेतू. जे मागे राहिले, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या नावाने मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फार तर एक प्रार्थना होते, फादरांचा उपवासकाळातला जांभळा झगा बदलत नाही. मोठा अपवाद १९ मार्चच्या संत योसेफांचा. (२०२१ मध्ये तो दिवस शुक्रवारी आला होता. महासण असला की शुक्रवारची मांसबंदी लागू नसते, हा नियम आमच्या गल्लीत त्या आठवड्यात प्रत्येकाला तोंडपाठ होता.)

पाचव्या रविवारपासून तर आमच्या देवळात पुतळेच झाकतात. सेंट अँथनी, सेबॅस्टियन, आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया, सगळे जांभळ्या कापडात. लहानपणी मला वाटायचं, हे रुसलेत. मग ज्या दिवसांत चर्च स्वतःच संतांना बाजूला उभं करतं, त्या दिवसांत आपण रोज एकाला ओढून पुढे का आणायचं?

पण खरं सलतं ते पुढचं. रोज एका महात्म्याचे उपासतापास ऐकले की माणूस एकतर 'हे आपल्याच्याने व्हायचं नाही' म्हणून सोडून देतो, नाहीतर मोजायला बसतो. आमच्या गटात दुसऱ्या आठवड्यात सुरू झालं. कुणी चहा सोडला, कुणी साखर. एकाने मोबाईल सोडला, आणि ते मोबाईलवरूनच कळवलं. अरे, राखेच्या बुधवारी मत्तयचा सहावा अध्याय वाचला ना? उपास करताना डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळू देऊ नका. आठवडाभरात विसरलो?

मांडवीकाठ

दादा, एकदा गोव्याला या. पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी, म्हणजे तुमच्याकडे पुतळे गुंडाळले की दुसऱ्याच दिवशी, गोवा वेल्हा इथल्या सेंट अँड्र्यू चर्चमधून संतांची मिरवणूक निघते. एक नाही, दोन नाही, तीसेक पुतळे खांद्यावर घेऊन. पिलारच्या फ्रान्सिस्कन मठाने सतराव्या शतकात सुरू केलेली ही रीत. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने मठ बंद केले तेव्हा ती खंडली, पण लोकांनी सोडली नाही, पुन्हा सुरू झाली. बाहेर जत्रा भरते, उकाडा तर असतोच, आमची मावशी तिथूनच वर्षाचे हातपंखे घेते.

आणि हे संत कोण, तर पुष्कळसे फ्रान्सिस्कन 'तिसऱ्या संघा'तले. म्हणजे मठात न जाता घरादारात राहून व्रत पाळणारे. उपवासकाळ जेमतेम दोन आठवडे उरलेला असताना त्यांना रस्त्यावर आणायचं कारण मला तरी उघड दिसतं: हे बघा, तुमच्यासारखेच होते.

तुमच्या कापडाचं म्हणाल तर क्रूससुद्धा झाकतात. तो गुड फ्रायडेपर्यंत झाकलेला राहतो. मग त्याच न्यायाने ख्रिस्तावरही मनन करू नका.

केळबागेतला

क्रुसाचा मुद्दा सोडला, तिथे तुम्ही मला धरलंत.

मिरवणुकीचा सोडत नाही. ती वर्षातून एकदा, सगळ्या गावाने पायी चालून. हे रोज, अंथरुणात पडून, कानात इयरफोनची बोंडं घालून.

शंकेखोर_वसईकर

तुम्ही दोघं पंचांगावरून भांडा. माझी तक्रार अशी की हे चाळीस दिवस म्हणजे खोट्या वचनांचा हंगाम. आत्तापर्यंत आलेली तीन सांगतो.

'सतत सुवार्ता सांगा, गरज पडली तर शब्द वापरा', खाली नाव असिसीच्या फ्रान्सिसचं. त्यांच्या लिखाणात हे वाक्य कुठेही नाही. 'ख्रिस्ताला आता तुझ्याशिवाय देह नाही, तुझ्याशिवाय हात नाहीत', नाव आविलाच्या तेरेझांचं. त्यांच्या ग्रंथांत नाही. आणि सगळ्यांची लाडकी 'हे प्रभो, मला तुझ्या शांतीचं साधन कर'. ही पहिल्यांदा छापून आली १९१२ साली, एका फ्रेंच मासिकात, निनावी. फ्रान्सिस वारले १२२६ साली.

मी गटात हे लिहिलं तर उत्तर आलं, "भाव बघा." भावच बघायचा तर खाली नाव कशाला टाकता?

जुनी_जपमाळ

शंकेखोर, तुमचं बरोबर आहे आणि तरी ती प्रार्थना मी रोज म्हणतो. कुणीतरी निनावी माणसाने लिहिली, नाव लावलं नाही, हे मला उलट आवडतं. केळबागेतला म्हणतात त्या मत्तयच्या सहाव्या अध्यायात चोख बसतं.

आता मूळ प्रश्नाकडे. केळबागेतला, तुम्ही फक्त रोमन पंचांग उघडलंत. बिझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या, रीतीच्या चर्चमध्ये, त्यात रोमशी एक असलेले कॅथलिकही आले, महाउपवासाचा पाचवा रविवार इजिप्तच्या मरियेचा असतो. त्याच आठवड्यात गुरुवारच्या प्रार्थनेत तिचं अख्खं चरित्र वाचतात. बाईचं आधीचं आयुष्य कसं होतं ते त्यात काही लपवलेलं नाही. चौथा रविवार योहान क्लिमाकस यांचा. म्हणजे तिकडे उपवासकाळ आणि संत यांचं वैर नाही. आपल्याकडे एका पद्धतीने लावलं, त्यांच्याकडे दुसऱ्या.

दुसरं. संत ऐकून माणूस खचतो म्हणता, ते कुठला संत आणि त्याचं काय ऐकवलं यावर आहे. लिझ्यूची तेरेझ घ्या, आपण जिला छोटी तेरेझ म्हणतो. १८९६ सालच्या पवित्र गुरुवारची रात्र उलटून गुड फ्रायडे लागला होता. ती आडवी झाली आणि घशाशी काहीतरी उकळून आलं. दिवा मालवलेला होता. तिने तो पुन्हा पेटवला नाही, सकाळी उजेडात बघू म्हणून झोपली. सकाळी रुमालावर रक्त. क्षय. ती घाबरली नाही, पण त्यानंतर आठवड्याभरात, पुनरुत्थानाच्या आनंदाच्या दिवसांतच, तिचा स्वर्गावरचा विश्वासच अंधारात गेला. पुढे दीड वर्ष, मरेपर्यंत, ३० सप्टेंबर १८९७ पर्यंत, तो अंधार पूर्ण हटला नाही. चोवीस वर्षांची पोर. स्वतःला ती पापी लोकांच्या पंगतीला बसलेली म्हणे.

हे ऐकून कोण चहा-साखरेचा हिशोब मांडेल?

केळबागेतला

काका, हे ऐकवलं असतं तर मी गट सोडलाच नसता. आमच्याकडे पाचव्या दिवशी छोटी तेरेझ येऊन गेली. 'स्वर्गातून गुलाबांच्या पाकळ्यांचा वर्षाव.' सात मिनिटं पाकळ्या. क्षय नाही, अंधार नाही. दिवा न पेटवलेली ती रात्र तर मी आत्ता पहिल्यांदा वाचतोय.

म्हणजे तक्रार संतांवर नाही असं तुम्ही म्हणाल. पण मी म्हणतो, रोज एक असं धरलं की पाकळ्याच निघणार. चाळीस अंधार चाळीस पहाटे कोण लिहील? लिहिणारी आमच्याच धर्मग्रामातली दोन मुलं आहेत, नोकरी करून करतात बिचारी.

मांडवीकाठ

बरं, एकच ऐका, तुमच्या जांभळ्या कापडाच्या दिवसांतलाच. १९८० साली २३ मार्चला उपवासकाळाचा पाचवा रविवार होता. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी त्या दिवशीच्या प्रवचनात सरळ सैनिकांना सांगितलं की स्वतःच्याच लोकांना मारू नका, हा जुलूम थांबवा, देवाच्या नावाने आज्ञा करतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका रुग्णालयाच्या चॅपेलमध्ये मिस्सा करताना त्यांना गोळी घातली. पाचव्या रविवारनंतरचा सोमवार. आमच्याकडे मिरवणूक निघते तोच. २०१८ मध्ये ते संत जाहीर झाले.

याला सिंथेसायझर लावा, काहीही लावा, मी ऐकेन.

केळबागेतला

रोमेरो आमच्या चाळिसांत नाहीत. यादी पहिल्याच दिवशी आली होती, आत्ता पुन्हा उघडून बघितली.

शंकेखोर_वसईकर

गोन्सालो तरी आहेत का? की वसईचा माणूस म्हणून फेब्रुवारीत सण केला, गावजेवण केलं, संपलं? जपानमध्ये श्रद्धेपायी पकडलेल्या त्यांच्यासह चोवीस जणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून क्योटोहून नागासाकीपर्यंत भर हिवाळ्यात महिनाभर चालवत नेलं, वाटेत आणखी दोघे त्यांच्यात आले आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला सव्वीस जणांना क्रुसावर दिलं. वसईत जन्मलेला, जपानी बोलणारा, आधी व्यापार केलेला माणूस. आपण दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेचे चौदा थांबे करून घरी पापलेट खातो आणि त्याला उपास म्हणतो.

केळबागेतला

आहेत. अडतिसाव्या दिवशी. पापलेटावर मी बोलणार नाही, आई हे वाचते.

कीर्तनवेडा

मी ख्रिस्ती नाही, पुण्याचा. आगाऊपणा वाटला तर सोडून द्या, पण तुमचं भांडण मला ओळखीचं वाटलं म्हणून लिहितो. आमच्याकडे नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंग. एक अभंग घ्यायचा आणि त्याचं निरूपण करायचं. मध्यंतर झालं की उत्तररंग, तिथे आख्यान. एखाद्या भक्ताची, संताची गोष्ट, पण ती त्याच अभंगाला धरून. कच्चे बुवा असतात ते काय करतात, आख्यानात रंग भरतो म्हणून पूर्वरंग उरकतात. लोक रडतात, हसतात, टाळ्या देतात, घरी जातात. अभंग कोणता होता विचारलं तर कुणाला आठवत नाही.

तुमच्या सात मिनिटांत अभंग कोणता असतो?

केळबागेतला

नसतो. त्या दिवसाच्या शुभवर्तमानाची एक ओळही नसते. 'आजचे संत अमुक', जन्म, चमत्कार, मरण, 'आज आपण काय सोडूया'. मला जे चारशे शब्दांत सांगता आलं नाही ते तुम्ही एका प्रश्नात पकडलंत. हे मी गटाच्या मुलांना सांगेन, कीर्तन वगैरे न म्हणता. नाहीतर वेगळीच चर्चा सुरू होईल.

जुनी_जपमाळ

म्हणून बघा. आपला ख्रिस्तपुराणवाला फादर स्टीफन्स १६१६ मध्ये अकरा हजार ओव्या मराठीत छापून बसलाय, त्याला पुराण शब्दाची भीती वाटली नाही.

रात्रपाळी

इतके दिवस नुसती वाचत होते. मी ते पाचचं मनन ऐकते. त्याच गटाचं, बहुतेक तुमच्याच.

माझ्या सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. रात्री दोनदा कूस बदलावी लागते, पहाटे पाचला तिसऱ्यांदा. त्या वेळी माझे दोन्ही हात अडकलेले असतात, पुस्तक धरता येत नाही. शुभवर्तमान वाचायला हवं हे मला कळतं, कीर्तनवाल्या दादांचं पटलंही. पण पाचला मिस्सा नसते आणि असती तरी मला जाता आलं नसतं. कानात बोंडं घालून ऐकणारी ती मीच.

गेल्या वर्षीही गट होता, तेव्हा ९ मार्चला रोमच्या फ्रान्सिस्का आल्या होत्या. चाळीस वर्षं संसार केलेली बाई. गोष्ट अशी सांगतात की ती एकदा मरियामातेची प्रार्थना वाचत होती आणि नवऱ्याची हाक आली. पुस्तक ठेवून गेली. परत येऊन तीच ओळ काढली, पुन्हा हाक. असं चारदा. दरवेळी न चिडता उठली. पाचव्यांदा येऊन बघते तर ती एकच ओळ सोन्याच्या अक्षरांत.

खरी की दंतकथा, शंकेखोरदादा ठरवतील. मी सासूबाईंना कुशीवर वळवत होते आणि त्यांनी हाक मारली नव्हती, त्यांना हाक मारताच येत नाही आता. मी तशीच थांबले. सात मिनिटं संपली तरी हात त्यांच्या पाठीखालीच होता.

चहा मी सोडलेला नाही. पाचला लागतोच.

शंकेखोर_वसईकर

दंतकथाच आहे, ताई. पण या एका बाबतीत मी गटात काही लिहिणार नाही.

केळबागेतला

ताई, ते ९ मार्चचं जपून ठेवलंय का तुम्ही? गटात मी परत येणार नाही. तेवढं एक मला वेगळं पाठवा.