हाताने काडतुसं भरण्यात एवढी मजा काय असते?

ह्यूस्टनकर: टेक्सासला आल्यापासून शूटिंग रेंजवर जातोय, .३०८ कॅलिबरची रायफल घेतलीये. शेजारचे काका झाडलेल्या काडतुसांच्या पितळी केसेस (रिकामी कवचं) वेचून घरी नेतात आणि रात्री गॅरेजमधे तासन्‌तास काडतुसं भरत बसतात. पैसे वाचवायला की खरंच आवडतं म्हणून?

ओहायोवाला: दादा, सुरुवात पैशासाठीच होते पण मग कारण बदलतं. टम्बलरमधून, म्हणजे घासून साफ करणाऱ्या यंत्रातून, केस चकचकीत होऊन निघते, डायमधून, म्हणजे साच्यातून, परत मापात येते, नवा प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) बसताना प्रेसच्या, म्हणजे काडतुसं भरायच्या दाबयंत्राच्या, हँडलवर जो हलका दाब जाणवतो ना, तो हळूहळू हाताच्या ओळखीचा होतो, आणि मग बंदुकीची दारू तोलायची ग्रेनमधे, ७००० ग्रेनचा एक पाउंड, म्हणजे बघा किती बारीक काम. अगदी शांत वाटतं. आणि आपण भरलेल्या ५ गोळ्यांची भोकं १०० यार्डांवर एकमेकांना चिकटून पडली की तो आनंद मला विकतच्या डब्याने कधीच दिला नाही.

पुणेकर_शूटर: वाचून हेवा वाटला! भारतात मात्र शस्त्र कायदा १९५९ आहे, लायसनशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा, त्यामुळे इथल्यांनी नाद करू नका.

ओहायोवाला: बरोबर. आणि ह्यूस्टनकर, किती दारू भरायची ते आकडे छापील मॅन्युअलमधलेच घ्या, नेटवरचे नकोत. टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा, फोन बाहेर. दुप्पट दारू पडली तर रायफल फुटू शकते.

ह्यूस्टनकर: शनिवारी काकांकडे जातोच, नुसतं शेजारी बसून बघेन आधी.