‘क्योयो’ आणि ‘क्योसेइ’: फरक कसा लक्षात ठेवू?

डिसेंबरवाली: डिसेंबरात जपानी भाषेच्या एन-१ ला, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीच्या परीक्षेला बसतेय. डिक्शनरीत ‘क्योयो’ म्हणजे जबरदस्ती आणि ‘क्योसेइ’ म्हणजेही जबरदस्तीच. त्यात काल ऐकण्याच्या सरावात मी बळजबरी समजून उत्तर ठोकलं, तर विषय शेअरहाऊसच्या स्वयंपाकघराचा निघाला. तो ‘क्योयो’ सामायिक वापराचा! पुस्तक, युक्ती, काहीही सुचवा.

नागोयाकर: पुस्तक राहू दे. सुटा शब्द नको, अख्खं वाक्य पाठ कर: ‘बुका नि इन्शु ओ क्योयो सुरु’, म्हणजे हाताखालच्या माणसाला दारू प्यायला लावणं. ज्याच्यावर जबरदस्ती त्याला ‘नि’, जे करायला लावलं त्याला ‘ओ’. ‘ओ’ आणि ‘सुरु’ सामायिक वापराच्या क्योयोलाही लागतं, त्यावर जाऊ नकोस; माणसाला ‘नि’ लागलेलं दिसलं की स्वयंपाकघर बाद.

आता कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली अक्षरं, बघ. पहिली दोन्हीकडे तीच, ‘बळ’. पण ‘यो’ ही ‘योक्यू’मधली, मागणी. ‘सेइ’ ही ‘सेइदो’मधली, व्यवस्था. त्यामुळे क्योयोत बहुधा कुणीतरी समोर उभं राहून दटावत असतं, क्योसेइ वरून येतं. सरकारने देशाबाहेर काढलं तर ‘क्योसेइ सोकान’.

पेठेतला: म्हणजे आपली हेल्मेटसक्ती क्योसेइ?

नागोयाकर: वाटतं तसं, पण बातमीत ‘गिमु’ म्हणतील, कर्तव्य. जपानात एप्रिल २०२३ पासून सायकलवर हेल्मेट ‘दोर्योकु गिमु’ आहे. घालायचा प्रयत्न करा; नाही घातलं तर दंड नाही.

पेठेतला: अशी सक्ती पुण्यालाही चालेल.

कलमबहाद्दर: क्योयो हा गुन्हासुद्धा आहे. जपानी दंडसंहितेचं कलम २२३, तीन वर्षांपर्यंत कैद. नुसती धमकी दिली तर कलम २२२, ‘क्योहाकु’. धमकावून काही करायला लावलं की क्योयो. पैसे उकळले तर ‘क्योकात्सु’, कलम २४९. २०१३ मध्ये साप्पोरोत एका गिऱ्हाईक बाईने कपड्यांच्या दुकानातल्या कर्मचाऱ्यांना दोगेझा घालायला लावला, म्हणजे जमिनीला कपाळ टेकून माफी. तिला क्योयोच्याच संशयावरून अटक झाली. मला हा शब्द त्या बातमीमुळे कायमचा बसला.

डिसेंबरवाली: दोगेझाचं चित्र डोळ्यांसमोरून जाणार नाही आता. पण आजी ‘नको नको’ म्हणताना ताटात आणखी एक पुरणपोळी टाकते, ते काय?

नागोयाकर: ‘मुरिजी’. घरगुती शब्द आहे. तिथे क्योयो लिहिलंस तर आजीवर २२३ लागेल.