प्राध्यापकांनी स्वतःच्या शिकवण्यावर संशोधन करावं का, आणि विद्यापीठाने त्यासाठी वेळ द्यावा का?

खडूफळा: माझं मत, हो, आणि नुसतं प्रोत्साहन नको, तास कमी करून द्या. शिकवणं हाही विद्वत्तेचाच भाग आहे हे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयरने १९९० मध्येच मांडलं, तरी प्रमोशनला मोजतात ते विषयातलेच पेपर. मी तास संपताना चिठ्ठ्या घेते, 'आज काय समजलं ते एका वाक्यात लिहा' एवढंच. परवा स्टॅटिस्टिक्सच्या तासाला निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं की पी-व्हॅल्यू म्हणजे गृहीतक खरं असण्याची शक्यता, जे साफ चूक आहे (ती गृहीतक खरं धरलं तर असा किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता), आणि मला वाटत होतं तास मस्त झाला! दोन वर्षांच्या चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत, नीट बसून बघायला वेळच नाही.

रसायनवाला: चिठ्ठ्या घ्या की, त्याला संशोधन कशाला म्हणायचं? आपणच शिकवायचं, आपणच तपासायचं, आपणच सांगायचं की फरक पडला. एक वर्ग, तुलनेला दुसरा गट नाही. आणि मार्क ज्याच्या हातात त्याला मुलं नाही म्हणणार आहेत का? मला तर मुलाखतींचं विश्लेषण वगैरे येतही नाही.

मागचाबाक: संमतीचं सोपं आहे हो. संमतीपत्रं दुसऱ्या सहकाऱ्याने घ्यायची आणि निकाल लागेपर्यंत शिकवणाऱ्याला दाखवायचीच नाहीत. एका वर्गावरून काही सिद्ध होत नाही हे मान्य, पण २०१४ मध्ये विज्ञान-गणित-इंजिनिअरिंगचे २२५ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा कळलं की मुलांना सहभागी करून शिकवलेल्या वर्गांपेक्षा नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापास व्हायची शक्यता दीडपट असते. ते २२५ कुणीतरी आपापल्या वर्गातच केले ना? आणि हार्वर्डच्या फिजिक्सच्या वर्गांवरचा २०१९ चा अभ्यास बघा, स्वतः गणितं सोडवत शिकलेल्या मुलांना वाटलं आपण कमी शिकलो, चाचणीत मात्र तीच पुढे. म्हणजे नुसत्या फीडबॅक फॉर्मवर विसंबलो तर चांगलं शिकवणं आपणच बंद करू.

रसायनवाला: फीडबॅक फॉर्मचं पटलं. पण तिथे अख्खी टीम होती, इथे बाई एकट्या. मग पैसे नकोत, माणूस द्या, डेटा कसा गोळा करायचा हे आधीच सांगणारा. आणि प्रमोशनच्या गुणांत अजिबात घालू नका, नाहीतर जो तो सेमिस्टर संपताना काहीतरी सर्व्हे उरकून पेपर पाडेल.

खडूफळा: माणूस हवा, शंभर टक्के. गुणांचं मात्र नाही पटत, पर्मनंट नसलेल्यांनी हे कशाच्या जोरावर करायचं? सक्ती नको, पण केलेलं मोजा तरी. असो, पुढच्या तुकडीला पी-व्हॅल्यू शिकवायच्या आधी या चिठ्ठ्या लावायच्यात. माझ्यासोबत बसून स्वतंत्रपणे वर्गीकरण करायला कुणी तयार आहे का?